होल्डवर ठेवलेलं खोकं

रविवारची सकाळ होती. इकडे आखातात, अबू हलीफातल्या माझ्या कार्गोच्या दुकानात मी एका नर्सबाईंच्या खोक्यावर चिकटपट्टीचा तिसरा फेरा मारत होतो. तेवढ्यात देवस्थळी साहेबांच्या इमारतीचा हारीस, म्हणजे रखवालदार, दारात येऊन उभा राहिला. हा माणूस एरवी दारात उभा राहत नाही, थेट आत येऊन चहा मागतो. "मुहंदिस माफी," तो म्हणाला. आमच्या इथल्या मोडक्या अरबीत मुहंदिस म्हणजे इंजिनियर आणि माफी म्हणजे नाही. मी मान वर न करता म्हटलं, "नसणारच. ड्युटीवर गेला असेल." तो म्हणाला, "गाडी नीचे है." मग त्याने आपला तळहात छातीवर ठेवला आणि तसाच ठेवून राहिला… तेव्हा माझ्या हातातली पट्टी सुटली.

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा दुःख झालं नाही, राग आला. लोक म्हणतील, सलीम, वीस वर्षांचा दोस्त गेला आणि तुला राग कसला? तर सांगतो कसला. जो माणूस पाव टक्क्यासाठी अकरा बँकांची दरपत्रकं शेजारी शेजारी मांडून पेन्सिलीने खुणा करायचा, ज्याला प्रत्येक डिपॉझिटची मुदत दिवसासकट पाठ होती, त्याने स्वतः मुदतीआधी असं उठून जावं? तेही मला न विचारता? माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात त्याचं खोकं सहा वर्षं जागा अडवून बसलेलं असताना?

त्या खोक्यापासूनच सुरुवात करायला हवी.

सहा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी देवस्थळी साहेब हातगाडीवर एक मोठं खोकं घेऊन माझ्याकडे आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर लग्नघरातल्या वरबापाचा थाट. "भाई," ते म्हणाले, "झालं. कायमचं नाशिकला. हे जहाजाने पाठवा." आत प्रेशर कुकर, इस्त्री, दुलई, थर्मास, डझनभर शर्ट आणि दोन घडीच्या खुर्च्या. हिवाळ्यात इथले लोक वाळवंटात तंबू ठोकतात, तेव्हा ज्या खुर्च्या नेतात तसल्या. "नाशिकच्या गॅलरीत ठेवणार. एक माझी, एक वसुधाची. संध्याकाळी बसून चहा." वसुधा म्हणजे वहिनी. त्या लेकीच्या शिक्षणासाठी आधीच नाशिकला परतल्या होत्या. लेक शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन पुण्याला गेली, आणि वहिनी त्या गॅलरीच्या घरात एकट्या राहत होत्या. मी खोकं काट्यावर चढवलं. सव्वीस किलो. माझी सवय अशी, की वजन केलं की ते मी काळ्या मार्करने खोक्याच्या बाजूवर लिहितो. पत्ता लिहिला, वजन लिहिलं, आणि साहेब म्हणाले, "फक्त एक आठवडा होल्डवर ठेवा. एक डिपॉझिट मॅच्युअर व्हायचंय, तेवढं झालं की निघालोच."

मी पत्त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, होल्ड. तो आठवडा सहा वर्षं चालला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला आपल्याकडच्या बँकेत एक खास खातं उघडता येतं. त्या खात्यातल्या मुदत ठेवीच्या व्याजावर आपलं सरकार कर घेत नाही. मात्र माणूस गाठोडं बांधून कायमचा घरी गेला, की ही चंगळ संपली, मग व्याजावर कर. साध्या माणसाला यात काही विशेष दिसणार नाही. घरी जायचं तर जायचं, कर भरायचा तर भरायचा. पण देवस्थळी साहेब साधे नव्हते, ते इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनियर होते. प्लॅन्टमधल्या शंभर नळ्यांचे दाब बघण्यात आयुष्य गेलेलं. कुठे जरा गळती दिसली की त्यांना झोप लागत नसे, आणि कर ही त्यांच्या मते जगातली सर्वांत मोठी गळती होती. "भाई, परत जायचं म्हणजे चांगल्या नळीला स्वतःच्या हाताने भोक पाडायचं," असं ते मला गंभीरपणे सांगत, आणि मी तितक्याच गंभीरपणे विचारी, "आणि वहिनींचं काय? त्या कुठल्या नळीत येतात?" यावर ते चष्मा पुसत.

त्यात त्यांनी ठेवींची शिडी लावलेली. सगळे पैसे एकदम एका मुदतीला न ठेवता थोडे यंदा सुटणारे, थोडे पुढच्या वर्षी, थोडे त्याच्या पुढच्या, अशा पायऱ्या. पद्धत शहाणपणाची आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिचा परिणाम असा, की कधीही बघा, कुठली ना कुठली पायरी मॅच्युअर होण्यात चार-सहा महिने बाकी असत. आणि ती झाली, की तिला जास्त रेटच्या बँकेत हलवून नवी मुदत सुरू. वहिनी एकदा फोनवर मला म्हणाल्या होत्या, "सलीमभाई, शिडी लावून माणूस वर चढतो, नाहीतर खाली उतरतो. आमचे हे शिडीवरच राहायला गेलेत." मी हा शेरा साहेबांना शब्दशः पोचवला. ते खूश झाले. म्हणाले, "बघा, वसुधाला शिडी समजली."

रोज संध्याकाळी त्या दोघांचा फोन चाले आणि तो बरेचदा माझ्या दुकानात बसूनच चाले, कारण दुकानाचा एसी फुकट होता. साहेब बँकेचा रेट सांगत आणि तिकडून वहिनी मेथीचा. "पावणेसात झाला," हे इकडून. "तीस रुपये जुडी, आणि तीही कोमेजलेली," हे तिकडून. एकमेकांची आठवण येते, असं वाक्य मी वीस वर्षांत दोघांच्याही तोंडून ऐकलं नाही. कधीकधी दोघंही गप्प होत आणि फोन मात्र चालू राही… मी पट्टीचा आवाज मुद्दाम मोठा करत असे.

आता खोक्याचं ऐका. पहिल्या हिवाळ्यात साहेब आले आणि म्हणाले, "भाई, दुलई काढतो. थंडी फार आहे. जाताना परत भरू." काढली. मी सवयीने वजन केलं आणि जुना आकडा खोडून एकवीस लिहिलं. मग त्यांच्या कुकरची शिट्टी उडाली. दुकानात नवी शिट्टी मिळते हे मी सांगितलं, पण खोक्यात नवा कुकर पडून असताना शिट्टी विकत घेणं त्यांच्या तत्त्वात बसेना. सोळा. मग शर्ट, एकेक करत. मग थर्मास. अकरा. इस्त्री गेली तेव्हा नऊ. दर खेपेला मी काट्यावर चढवायचो, दर खेपेला ते बाजूला उभे राहून चष्म्यातून आकडा बघायचे आणि खेद झाल्यासारखं हं करायचे. मी एकदा चिडून म्हणालोच, "साहेब, तिकडे तुमची ठेव फुगतेय आणि इकडे तुमचं घरी जाणं वाळत चाललंय. माझ्या काट्याला कळतंय, तुम्हाला कळत नाही?" त्यावर त्यांनी काय करावं? खिशातून पेन्सिल काढून विचारलं, "काटा शेवटचा कधी तपासून घेतला होता?"

मग एक दिवस त्यांनी एक खुर्चीही काढली. त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून समुद्राची जेमतेम हातभर पट्टी दिसते, तिथे बसायला. मी म्हटलं, "दोन्ही न्या. कधीतरी मी येईन तर मला बसायला होईल." ते एकदम म्हणाले, "नाही, ती वसुधाची आहे." आणि दुसरी खुर्ची त्यांनी स्वतः खोक्यात सरळ करून ठेवली. पाच किलो. त्यातला एक किलो तर खोक्याचाच.

इथवर सगळा दोष त्यांचा. हे मी कुठेही शपथेवर सांगेन. पण आता जे सांगायचंय ते सांगताना माझी जीभ जरा अडखळते, आणि माझी जीभ कधी अडखळत नाही हे अबू हलीफापासून जहरापर्यंतची माझी सगळी गिऱ्हाइकं सांगतील.

गेल्या हिवाळ्यात साहेब दुकानात आले ते हातात इस्त्री घेऊन. "भाई, खोकं भरायला घेऊ. शिडीची शेवटची पायरी महिनाभरात सुटतेय. यावेळी हलवत नाही. वसुधाला सांगितलंय." चेहरा असा, जसा शाळेत पहिल्यांदाच गृहपाठ पूर्ण करून आलेल्या मुलाचा असतो. मी इस्त्री हातात घेतली. त्या वेळी मला गप्प बसता आलं असतं. कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण माझा स्वभाव मेला चावट. मांजराला बांगड्याचं डोकं दाखवून मागे घ्यायचं आणि तोंड बघायचं, ही लहानपणची खोड. आमच्या मुरूडकडच्या घरी यासाठी मी आईचा मार खाल्लेला आहे. मी सहज म्हणून गेलो, "बरं झालं सुटलात, साहेब. नाहीतर रिग्गईकडचं एक गिऱ्हाईक कालच सांगत होतं, त्याने ठेव नव्या बँकेत हलवली, तर अर्धा टक्का जास्त मिळाला."

साहेबांनी इस्त्री माझ्या हातातून परत घेतली. खरंच सांगतो, विचारलंसुद्धा नाही. "मुदत किती?" एवढंच म्हणाले. मी हसत होतो. अजून मला ती गंमतच वाटत होती. मुदत होती एक वर्ष आणि वर काही अडनिडे दिवस, बँका हल्ली ठेवतात तसले. "एकच वर्ष," साहेब म्हणाले, "एका वर्षाने काय होतंय?"

त्यानंतरचा महिना म्हणजे एक स्वतंत्र नाटक होतं. जुन्या बँकेला आधी कळवलं नाही, तर मुदत संपल्या दिवशी ठेव आपोआप तिथेच, त्यांच्या रेटने पुन्हा गुंतवली जाते. ती अडवायला सहीचा अर्ज हवा. अर्ज माझ्याच कुरियरने नाशिकला गेला आणि दहा दिवसांनी परत आला. सही जुळत नाही! साहेबांनी खातं उघडलं तेव्हा ते तिशीत होते. तेव्हाची सही होती मराठीत, सबंध, अरविंद ग. देवस्थळी, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. आता प्लॅन्टमध्ये कुठलंही काम सुरू करायचं तर परमिट लागतं, आणि दिवसाला पन्नास परमिटांवर सह्या करून करून पंचवीस वर्षांत त्या सहीचं जे झालं होतं ते पाहून मीच घाबरलो. पालीची तुटलेली शेपटी! नाव नाही, आडनाव नाही, एक वळवळ फक्त.

"तुमची सही तुम्हालाच येत नाही?" मी विचारलं.

"येते हो. हात ऐकत नाही," ते म्हणाले.

मग शिकवणी सुरू झाली. शिक्षक मी, म्हणजे काय दर्जाची शाळा असेल बघा. त्यांनी त्यांच्या जुन्या पासबुकाची प्रत आणली, त्यावर ती जुनी सही होती. कागद वाया घालवायचा नाही म्हणून ते त्या खोक्याच्या मोकळ्या बाजूवर सराव करू लागले. ड्युटीवरून येत, खोक्यासमोर स्टुलावर बसत आणि माझा मार्कर घेऊन स्वतःचं नाव गिरवत. पहिल्या दिवशी 'अर'पर्यंत जमलं आणि पुढे पालीची शेपटी. "थ चा गोल पोकळ ठेवा साहेब, वाटाणा काढलाय तुम्ही." "भाई, तुम्ही बोलू नका, हात हलतो." गिऱ्हाइकं खोकी घेऊन ताटकळत आणि हा साठीला आलेला इंजिनियर जीभ दातांत धरून तिशीतली सही करतोय. आठवड्याच्या शेवटी एका संध्याकाळी ती आली. सबंध, रेघेसकट, टिंबांसकट. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. साहेब हळूच म्हणाले, "हा माणूस बराच उत्साही होता की हो…"

अर्ज वेळेत पोचला. ठेव सुटली, नव्या बँकेत गेली, वाढीव रेट लागला. साहेबांनी कुनाफ्याचा, म्हणजे इथल्या शेवयांच्या मिठाईचा, अख्खा ट्रे आणला आणि दुकानात आलेल्या प्रत्येकाला खिलवला. लोक मला विचारत, यांच्या मुलीचं लग्न ठरलं का? मी सांगे, नाही, अर्धा टक्का झाला.

ते वर्ष पुरं व्हायला चार महिने बाकी असताना हारीस माझ्या दारात आला.

त्यांना घरी पाठवायची कागदपत्रं मीच केली. तीस वर्षांत मी या गावातून काय पाठवलं नसेल… टीव्ही, झुंबरं, खजूर, एकदा तर शिंगांसकट बोकडाचं भुसा भरलेलं डोकं. विमानाच्या त्या कागदावरही वजनाचा रकाना असतो. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या रकान्याकडे न बघता सही केली.

फ्लॅट रिकामा करायलाही मीच गेलो. दुलई, कुकर, थर्मास, शर्ट, इस्त्री. सगळं वापरून जुनं झालेलं, जाताना भरायचं राहिलेलं. वहिनींनी आधीच सांगून ठेवलं होतं, की ते सगळं हारीसला द्या. खिडकीशी ती खुर्ची होती. कापड मध्ये खोल गेलेलं. मी तेवढी उचलून दुकानात आणली.

तेरावं झाल्यावर मी वहिनींना फोन केला. इकडचं तिकडचं बोललो, आणि मग मला राहवेना. म्हटलं, "वहिनी, एक सांगायचंय. गेल्या हिवाळ्यात साहेब निघाले होते. खोकं भरायला आले होते. तो नवा रेट त्यांना मी सांगितला. चेष्टेत सांगितला. मी गप्प बसलो असतो तर ते आज…" पुढचं मला जमेना. मला, म्हणजे ज्याला गप्प करायला लोक पैसे द्यायला तयार असतात.

मग वहिनी म्हणाल्या, "माहीत आहे मला. त्याच संध्याकाळी त्यांनी मला फोन करून विचारलं, काय करू? मीच म्हटलं, करून टाका."

"तुम्ही?"

"मग काय करू, सलीमभाई? अर्धा टक्का सोडून घरी आले असते, तर मरेपर्यंत मला ऐकवलं असतं."

हे म्हणून त्या थांबल्या. मीही थांबलो. वीस वर्षं त्या दोघांच्या फोनमधली ती शांतता मी बाहेरून ऐकली होती, आता पट्टी वाजवायची सोय नव्हती.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "त्या खोक्यात आता काय उरलंय हो?" मी म्हटलं, "एक खुर्ची. तुमची. आणि त्यांची मी फ्लॅटवरून आणलीय. दोन्ही पाठवतो." त्या म्हणाल्या, "माझी पाठवा. त्यांची राहू दे तुमच्याकडेच. संध्याकाळी ते तिथेच असायचे." मग जरा अंदाज घेत म्हणाल्या, "आणि खोकं बदलू नका. त्यावर सह्या आहेत म्हणाले होते… लग्नाच्या रजिस्टरवर केली होती तसल्या."

आता कार्गोचा नियम असा, की सहा वर्षांचं मऊ पडलेलं खोकं जहाजाने जात नाही. मी स्वतः रोज चार जणांशी यावरून भांडतो. तर मी एक नवं मोठं खोकं आणलं आणि त्याच्या आत ते जुनं, सह्यांचं, खोडलेल्या आकड्यांचं खोकं जसंच्या तसं बसवलं. पट्टीचे पाच फेरे मारले. वजन केलं आणि लिहिलं. त्यावर होल्ड लिहिलं नाही.

त्यांची खुर्ची दुकानात काट्याशेजारी आहे. मी तिच्यात बसत नाही, ती माझ्या मापाची नाही. गिऱ्हाईक बसलं तर मी उठवतही नाही, नुसता वैतागतो. परवा कुणी पुण्याचे इंजिनियर मोठं खोकं घेऊन आले आणि खोकं काट्यावर चढेपर्यंत बिनदिक्कत तिच्यात बसले. अडतीस किलो भरलं. मी मार्करचं टोपण काढलं.

"भाई, तुमच्याकडे चार लोक येतात," ते आरामात मागे रेलत म्हणाले, "हल्ली चांगला रेट कुठे आहे काही कळलं का? आणि हे जरा दोन महिने इथेच ठेवता येईल का? माझं एक डिपॉझिट…"

"नाही," मी म्हटलं.

"कशाला नाही?"

"दोन्हीला."

मी खोक्यावर अडतीस लिहिलं, पट्टी लावली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते बाहेर, शनिवारच्या कंटेनरच्या रांगेत नेऊन ठेवलं.